पाळी गेल्यावरचा कोरडेपणा आणि ‘प्रथिनांची तपासणी’: कोणाला काही माहिती आहे का?

सुरंगीचा_वळेसर (वेंगुर्ला)

पाळी बंद होऊन काही वर्षं झाली की खालची जागा कोरडी पडते, चुरचुरते, लघवीला जळजळ होते, संबंध नकोसे होतात. आमच्या बचत गटातल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकींना हे अनुभवाने ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. माझी भाची पुण्यात बायोटेक शिकते. ती परवा सांगत होती की आता म्हणे कापसाच्या बोळ्यावर योनीतला स्राव घेतात, त्यातली प्रथिनं मोजतात आणि आतलं अस्तर किती पातळ झालंय याचा अंदाज बांधतात. अशी तपासणी आपल्याकडे कुठे होते का? रत्नागिरी, ओरोस, निदान मुंबईला?

मला ती का हवी आहे तेही सांगते. गटातल्या एकीचा गुडघ्याचा एक्स-रे निघाला आणि त्या दिवसापासून तिला खाली बसून भांडी घासायला लावणं बंद झालं. गुडघा आधीही दुखतच होता. पण घरच्यांना तो पटला कागद बघून. या दुखण्याला कुठला कागद आहे?

तिरफळ

वाचतेय. विषय काढलास ते फार बरं केलंस ताई.

रसायनशाळा (मूळ देवगड, मुक्काम ठाणे)

प्रथिनं ओळखणं आणि मोजणं हेच माझं रोजचं काम. योनीस्रावावर केलेलं नाही, पण पद्धत तीच असते म्हणून लिहिते.

आधी शरीरात काय होतं ते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन भरपूर असतं तेव्हा योनीच्या अस्तराच्या पेशी थरावर थर रचत वर येतात, पिकतात, त्यांच्यात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि मग त्या गळतात. स्रावातलं अल्फा-अमायलेज हे एन्झाइम त्या ग्लायकोजेनचे तुकडे करतं. ते तुकडे लॅक्टोबॅसिलस जिवाणू खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. म्हणून पाळी चालू असताना तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ३.८ ते ४.५ असतो आणि बाहेरच्या जंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन आटलं की पेशींचे थर कमी, ग्लायकोजेन कमी, लॅक्टोबॅसिलस कमी, आणि पीएच ५ च्या वर. अस्तराखालचं कोलॅजन आणि रक्तपुरवठाही घटतो, वळ्या सपाट होत जातात.

पिकलेली पेशी आणि कच्ची पेशी यांची प्रथिनं एकसारखी नसतात. पिकताना पेशी काही ठरावीक केराटिनं, इन्व्होल्युक्रिन, कॉर्न्युलिन अशी प्रथिनं तयार करते. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारी प्रथिनं वेगळी: ई-कॅडहेरिन, डेस्मोग्लीन. आणि दाह असला तर इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८, कॅलप्रोटेक्टिन, एमएमपी-९ ही मंडळी वाढतात. बोळ्यावरचा स्राव घ्यायचा, ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिनांचे तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजायचं. एका बोळ्यातून शेकडो प्रथिनं एका दमात हाती लागतात. भाची सांगते ते खरं आहे, असं संशोधन चालू आहे.

पण रुग्णाने जाऊन करून घ्यावी अशी तपासणी यातून अजून उभी राहिलेली नाही. ओरोसलाच काय, मुंबईलाही नाही.

मालवणचो_वारो

माझी आये मासळी विकता. फाटफटी बाजारात जाता ती दुपारपर्यंत थयच. मुतारी नाय म्हणान पाणीच पियणा नाय. वर्षातसून कितीतरी खेपा लघवीक जळजळता. दर खेपेक मेडिकलातसून गोळये हाडता, चार दिस बरा, मगे परत ताच. पाळी कधी गेली ता कोणी इचारूक नाय. ह्या कोरडेपणाचो नि लघवीचो काय संबंध आसा काय?

डॉ_खाडीपल्याड (स्त्रीरोग, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस)

मालवणच्या वाऱ्याला आधी उत्तर देतो, कारण ते जास्त निकडीचं आहे. संबंध आहे, आणि थेट आहे. मूत्रमार्गाचं तोंड आणि योनी दोन्हीकडच्या पेशी इस्ट्रोजेनवरच पोसलेल्या असतात. लॅक्टोबॅसिलस गेले की आतड्यातले ई. कोलाय जंतू तिथे वस्ती करतात आणि मूत्राशयापर्यंत चढतात. म्हणूनच २०१४ साली या सगळ्या त्रासाला एकत्र नाव दिलं गेलं: जेनायटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, जीएसएम. त्याआधी कागदावर नुसतं ‘योनीचा शोष’ असं असायचं आणि लघवीची बाजू सुटून जायची.

१९९३ सालचा राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास आम्ही आजही शिकवतो. पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ बायका. निम्म्यांना योनीत लावायचं एस्ट्रिऑल क्रीम, बाकीच्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी. क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्यांना ५.९ वेळा. आईला दर वेळी प्रतिजैविकाची गोळी देण्याआधी एकदा लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी) करा, साखर तपासा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. पाणी प्यायलाच हवं. बाजारात बायकांसाठी मुतारी नसणं हा नगरपालिकेचा प्रश्न आहे, पण त्याचं बिल आईच्या मूत्राशयावर फाटतं.

आता सुरंगीताईंचा प्रश्न. निदानाला प्रथिनं लागत नाहीत. बाईचं ऐकायचं आणि तपासायचं, बस. अस्तर फिकट, पातळ, चमकदार दिसतं, बोट लागलं तरी कधी रक्त येतं. हवं तर पीएचची पट्टी योनीच्या भिंतीला लावून बघता येते, ती स्वस्त आहे. पेशींचा नमुना काचेवर घेऊन कच्च्या, मधल्या आणि पिकलेल्या पेशींचं प्रमाण काढायची जुनी पद्धतही आहे, मॅच्युरेशन इंडेक्स म्हणतात. रोजच्या ओपीडीत ती कोणी करत नाही.

पाळी गेल्यानंतर एकदा जरी लाल गेलं, अगदी डाग पडला, तरी तो ‘कोरडेपणा असेल’ म्हणून सोडायचा नाही. पिशवीचा आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधी नाकारायचा. दुर्गंधीचं पाणी जात असेल तरी तसंच.

मालवणचो_वारो

बरा झाला सांगलास ता. आयेक घेवन जातंय.

कातळकोन

माझं मत कडवट वाटेल. उद्या ही तपासणी बाजारात आलीच तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. ‘मेनोपॉज प्रोफाइल’ नावाचं पॅकेज, वीस प्रथिनांचे आकडे, दोन तांबड्या अक्षरांत, आणि खाली ‘डॉक्टरांना भेटा’. तालुक्याच्या डॉक्टरने त्या आकड्यांचं करायचं काय? आजही पाळी गेलेल्या बायकांना एफएसएच ही हार्मोनची रक्ततपासणी करायला लावतात, जी बारा महिने पाळी न आलेल्या पन्नाशीच्या बाईला बहुतेक वेळा लागतच नाही.

पिपेट (लॅब टेक्निशियन, चिपळूण)

कातळकोन यांना +१. लॅबमध्ये असून म्हणतेय. त्यात ही नमुन्याचीच अडचण फार. रक्त काढलं तर किती मिली काढलं ते मला माहीत असतं. बोळ्यावर स्राव किती आला हे कोण सांगणार? जिला सगळ्यात जास्त कोरडेपणा तिच्या बोळ्यावर काहीच येत नाही, मग सलाईन घालून धुऊन काढायचं. सोलकढीत पाणी किती घातलंय ते ठाऊक नसेल तर रंग बघून कोकम किती होतं ते सांगता येईल का?

रसायनशाळा

अगदी बरोबर. म्हणून एकूण प्रथिनाशी किंवा एखाद्या स्थिर प्रथिनाशी तुलना करून आकडे जुळवावे लागतात, आणि ते स्थिर प्रथिन कोणतं यावरच वाद. शिवाय आदल्या रात्रीचा संबंध, लावलेलं क्रीम किंवा तेल, थोडं रक्त, बुरशी, जिवाणूंचा संसर्ग, या सगळ्यांनी आकडे हलतात. दाहाची प्रथिनं तर कुठल्याही संसर्गात वाढतात, ती पाळी गेल्याची खूण नव्हेत.

अजून एक हिशेब. ५०० प्रथिनं एकदम तपासली आणि प्रत्येकाला ५ टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर खरा फरक शून्य असला तरी निव्वळ योगायोगाने २५ प्रथिनं ‘वेगळी’ निघतील. त्यासाठी गणिती दुरुस्त्या असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या गावच्या दुसऱ्या बायकांमध्ये तीच प्रथिनं पुन्हा तशीच निघावी लागतात. बरेचसे बायोमार्कर (आजाराची खूण म्हणून मोजायचे असे पदार्थ) या दुसऱ्या पायरीवरच गळतात. स्त्रीरोगातच असं आहे असं नाही, सगळीकडे.

सुरंगीचा_वळेसर

समजलं. पण मग संशोधक याच्या मागे का लागलेत? काही उपयोग असेल ना?

रसायनशाळा

उपयोग आहे, औषधांच्या चाचण्यांत. एक गोष्ट सांगते म्हणजे कळेल.

अमेरिकेत सिअ‍ॅटल आणि मिनिआपोलिस इथे एक चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. पाळी गेलेल्या ३०२ बायका, बारा आठवडे. एका गटाला योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायोलची गोळी आणि बिनऔषधी जेल, दुसऱ्याला बिनऔषधी गोळी आणि बाजारातलं मॉइश्चरायझर, तिसऱ्याला दोन्ही बिनऔषधी. प्रत्येकीने आपला सगळ्यात त्रासदायक त्रास ० ते ३ मध्ये सांगायचा. शेवटी तिन्ही गटांत त्रास जवळपास सारखाच कमी झाला: १.४, १.२ आणि १.३ ने.

पुढे त्याच चाचणीतल्या १४४ बायकांचे नमुने जिवाणूंसाठी तपासले, ते २०२१ मध्ये आलं. इस्ट्राडायोलवाल्यांपैकी ८० टक्क्यांमध्ये लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम यांचं राज्य होतं, बिनऔषधी गटात २६ टक्क्यांमध्ये. म्हणजे औषधाने आतली जमीन खरोखर बदलली, पण बायकांच्या तोंडून आलेल्या उत्तरात तो फरक दिसला नाही.

अशा ठिकाणी प्रथिनांचं माप हवं असतं. अस्तर सुधारलं की नाही हे बाईच्या उत्तरापासून वेगळं कळलं तर नवं औषध नेमकं कुठे कमी पडतं ते समजतं.

डॉ_खाडीपल्याड

यावर एक टीप, नाहीतर कोणी क्रीम बंद करून बसेल. त्या चाचणीतलं ‘बिनऔषधी’ जेलही ओलावा देणारंच होतं, त्यामुळे त्याने बरं वाटलं यात नवल नाही. २०१६ च्या कोक्रेन (चाचण्यांचा पुरावा तपासणारी संस्था) आढाव्यात ३० चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. त्यात योनीतलं इस्ट्रोजेन बिनऔषधी उपायापेक्षा सरस ठरलं, पुरावा फार भक्कम नसला तरी. माझी पद्धत अशी: त्रास हलका असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी वंगण. नाही भागलं, किंवा लघवीचे संसर्ग वारंवार होत असतील, तर इस्ट्रोजेन क्रीम. बहुतेक वेळा दोनतीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. घामाचे लोट काही वर्षांत आपोआप ओसरतात, हे ओसरत नाही, वाढत जातं. म्हणून क्रीम सोडलं की त्रास परत येतो आणि बायकांना वाटतं औषध लागू पडलं नाही.

उपकेंद्र (आशा, गुहागर तालुका)

मी आशाताई आहे. डॉक्टरांसारखं लिहिता येणार नाही, पण कागदाबद्दल सांगायचं आहे.

सुरंगीताई, तुमची गुडघ्याची गोष्ट पटली. पण कागद उलटाही फिरतो. आमच्या वाडीत एकीला थकवा होता. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन चांगलं निघालं. घरी गेल्यावर सासू म्हणाली, बघ, नाटकं होती. आता वर रसायनशाळाताई म्हणतात की बाईचा त्रास आणि आतलं माप जुळतच नाही. मग एखादीला खूप त्रास आणि प्रथिनं चांगली निघाली तर? आज निदान ती बोलली तर डॉक्टर तपासतात. उद्या म्हणतील, रिपोर्ट नॉर्मल आहे.

आणि आम्ही विचारलं तर सांगतात हो बायका. तीस वर्षांपुढच्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी असते, त्याची यादी करायला घरोघर जाते तेव्हा मी हळूच विचारते, लघवीला त्रास होतो का, जागा कोरडी वाटते का. पुरुष माणूस ओटीवर नसला की पडवीत उभ्या उभ्या सगळं बाहेर येतं. आमच्या फॉर्मवर मात्र त्याचा रकाना नाही.

तिरफळ

उपकेंद्र ताई, 🙏

सुरंगीचा_वळेसर

आशाताई, तुमचं म्हणणं खरं आहे, तरी मी माझा हट्ट पूर्ण सोडत नाही. जी बाई तुमच्याशी बोलेल तिला कागद नको. जी मरेपर्यंत बोलणार नाही तिचं काय? माझी थोरली जाऊ तशी. बोळा घेऊन दे म्हटलं तर देईल, तोंडाने एक शब्द काढणार नाही. आणि नॉर्मल रिपोर्टचा धाक म्हणाल तर तो सगळ्याच तपासण्यांना आहे, म्हणून काय एक्स-रे बंद केले?

उपकेंद्र

एक्स-रे बंद नको. पण एक्स-रेमध्ये हाड दिसतं. इथे काय दिसतं तेच अजून ठरायचंय, असं वर लिहिलंय ना?

चाकरमानी_लोअर_परळ

पुरुषाने या धाग्यावर लिहावं की नाही कळत नव्हतं. बायको गावी, मी मुंबईत. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात जातो. काही वर्षांपासून ती टाळते, मला वाटायचं दुरावा आला. आज कळलं की दुखत असेल. थेट विचारायची हिंमत होत नाही. मुंबईत लेझरच्या जाहिराती दिसतात, ‘वेदनारहित, तीन सीटिंग’. ते करावं का? आणि खोबरेल तेल चालतं का, आमच्याकडे घरचंच असतं.

डॉ_खाडीपल्याड

लिहिलंत ते उत्तम केलंत. लेझरवर पैसे घालू नका. २०१८ च्या जुलैत अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) या यंत्रांच्या अशा वापराबद्दल इशारा दिला होता: भाजणं, व्रण, दीर्घकाळ वेदना अशा तक्रारी आल्या होत्या. २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ८५ बायकांची चाचणी आली, निम्म्यांना खरं लेझर, निम्म्यांना नुसतं यंत्र लावल्याचं सोंग. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

खोबरेल तेल वंगण म्हणून बऱ्याच बायका वापरतात आणि अनेकींना मानवतं. त्याने अस्तर जाड होत नाही, पीएच खाली येत नाही. निरोध वापरत असाल तर तेल नको, लॅटेक्स फाटतं. सुगंधी साबण, जाहिरातीतले ‘इंटिमेट वॉश’, आत पाण्याचा फवारा, डेटॉल हे सगळं बंद. बाहेरून साधं पाणी पुरे.

आणि विचारा तिला. फोनवर नको, गावी गेल्यावर.

कातळकोन

डॉक्टर, क्रीमच्या खोक्यातल्या पत्रकावर कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकार असं काय काय छापलेलं असतं. मावशीने ते वाचून ट्यूब न उघडताच फेकली. त्याचं काय?

डॉ_खाडीपल्याड

ती भीती २००२ ची आहे. डब्ल्यूएचआय नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासातला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनचा भाग तेव्हा मध्येच थांबवला, आणि त्यानंतर इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर तोच इशारा छापला गेला. त्या अभ्यासातल्या बायका पोटातून गोळ्या घेत होत्या. योनीत लावायच्या कमी मात्रेतून रक्तात जाणारं इस्ट्रोजेन फारच थोडं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने हा चौकटीतला इशारा काढण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडची पत्रकं बदलायला वेळ लागेल.

अपवाद सांगतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईने, विशेषतः लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशा गोळ्या चालू असतील तर, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे क्रीम लावू नये. मावशींना तसं काही नसेल तर पत्रक घेऊन या म्हणावं, एकेक ओळ समजावून सांगतो.

पिपेट

अवांतर: पीएचच्या पट्ट्या आमच्याकडे डब्याने येतात. सुरंगीताईंना कागदच हवा असेल तर हाच घ्या, रंग बदलतो आणि सासूलाही दिसतो 🙂

रसायनशाळा

पिपेट, हसण्यावारी नेऊ नकोस. पाळी गेलेल्या बाईचा पीएच ५ च्या वर, संसर्ग नाही, तर इस्ट्रोजेन कमी झाल्याचा तो बऱ्यापैकी अंदाज देतो. प्रथिनांची तपासणी आली तर तिला आधी या पट्टीपेक्षा जास्त काहीतरी सांगून दाखवावं लागेल.

तिरफळ

डॉक्टर, आता माझाच प्रश्न. वय ५८, मधुमेह. खाज इतकी की झोप लागत नाही. सगळे म्हणतात वयाने कोरडं पडतं, मीही तेच धरून चालले होते. साखरेची गोळी गेल्या वर्षी बदलली, तेव्हापासून वाढलंय असं आता वाटतंय.

डॉ_खाडीपल्याड

गोळीचं नाव बघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं ‘फ्लोझिन’ने संपणारं असेल तर ती औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिथे बुरशी वाढते. ती खाज कोरडेपणाची नव्हे, तिला बुरशीचं औषध लागतं. दुसरी शक्यता, बाहेरची कातडी पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी दिसत असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार. त्याला स्टेरॉइडचं मलम लागतं, इस्ट्रोजेनने भागत नाही, आणि वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहूनच ओळखतात, तेव्हा दाखवायला जा. साखरेची गोळी मनाने बंद करू नका, ती हृदय आणि मूत्रपिंडासाठीही दिलेली असू शकते. जाताना पाकीट सोबत घ्या.